बिल्ल्यावर हात ठेवून गाडी बघा

जुन्या नावाच्या गाड्यांचं सध्या पेव फुटलंय. चेतक आली, जावा-येझदी आल्या, लूना आली, सफारी आली आणि २०२५च्या नोव्हेंबरात सिएराही आली. यातल्या बऱ्याच नावांचं माहेर पुणे-पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यातलं. घरातलं कुणीतरी त्या कारखान्यात नोकरीला होतं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात ती स्कूटर दारात आली होती, असं आपल्याकडे निघतंच. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायचं तर जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो; 'चेतक' म्हटलं की निम्मं काम आधीच झालेलं असतं. शिवाय लहानपणी ज्यांनी ही गाडी शेजाऱ्याच्या दारात बघितली, ते आता पन्नाशीला आलेत आणि चेकवर सही तेच करतात.

यात मला काही गैर वाटत नाही. माझी विनंती एवढीच, की पैसे गाडीचे मोजा, नावाचे मोजू नका.

सफारीचंच बघा. १९९८ची सफारी म्हणजे दणकट चॅसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, जोर मागच्या चाकांना आणि हवी असेल तर फोर बाय फोर. २०१९मध्ये ती बंद झाली. पुढच्याच वर्षी टाटांनी ऑटो एक्स्पोमध्ये हॅरियरची लांब, तीन रांगांची आवृत्ती 'ग्रॅविटास' नावाने मांडली. २०२१मध्ये तीच गाडी विक्रीला आली तेव्हा नव्याने बारसं झालेलं होतं, नाव सफारी! वेगळी चॅसिस गेली, जोर पुढच्या चाकांना आला, फोर बाय फोर नाहीच. मुलाबाळांना घेऊन पुण्याहून नागपूरला जायचं असेल तर ही गाडी जुनीपेक्षा नक्कीच आरामाची. पण जुन्या सफारीने वेल्ह्याच्या चिखलातून वर काढलं होतं, म्हणून कुणी ही घ्यायला निघाला असेल तर त्याने जरा थांबावं.

चेतकची गोष्ट वेगळी. १९७२ची चेतक सकाळी चालू होईना की एका बाजूला कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग किक मारायची. डाव्या मुठीत गिअर, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल, मागे निळसर धूर. २०२०पासून मिळणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकमध्ये यातलं काहीच उरलेलं नाही. पत्र्याची बॉडी तेवढी ठेवलीय. पण काम तेच आहे, गावातल्या गावात घरची कामं उरकायची. म्हणून हे नाव परत आलेलं मला खटकत नाही. घेणाऱ्याने मात्र बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट घेऊ देते का, हे आधी विचारावं. सेक्रेटरी 'बघू' म्हणाले तर बुकिंग करू नका.

बाहेरच्या जगात हा खेळ फार आधी सुरू झाला. फोक्सवॅगनने १९९८मध्ये नवी बीटल आणली. मूळ बीटलचं इंजिन मागे आणि हवेने गार होणारं. नवीचं पुढे, पाण्याने गार होणारं, आणि खालचा सगळा सांगाडा गोल्फचा. डॅशबोर्डवर फुलदाणी मात्र आठवणीने दिली होती. १९५९ची मिनी जेमतेम तीन मीटर लांब होती. बीएमडब्ल्यूने २००१मध्ये काढलेली मिनी साडेतीन मीटरच्याही पुढे गेली. याला कारण आहे. अपघाताच्या चाचण्या, एअरबॅग, पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बॉनेट दबलं पाहिजे, असे नियम आता आहेत. जुना आकार जसाच्या तसा परत येऊ शकत नाही आणि येऊही नये.

फियाट ५००ची गोष्ट मात्र खास आपल्या उपयोगाची. मूळ गाडी ४ जुलै १९५७ची. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ला, इटलीत तिचा नवा अवतार आला आणि तुफान चालला. पुढच्या वर्षी ती भारतात आणली. आयात केलेली, किंमत पंधरा लाखांच्या घरात, इंजिन १.३ लिटरचं डिझेल. त्याच घराण्यातलं इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये निम्म्याहून कमी पैशांत मिळत होतं. आपल्या लोकांनी सरळ पाठ फिरवली. मुंबईकराची 'फियाट' म्हणजे पद्मिनी: कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, पुढे बाकासारखी सलग सीट असलेली. या गोल गाडीवर फियाट लिहिलेलं होतं, पण ती कुणाच्या मामाची नव्हती. आठवण आड आली नाही तेव्हा आपण किती चोख हिशेब केला बघा. ओळखीच्या नावापुढे उभं राहाल तेव्हाही तसाच करा.

शोरूममध्ये गेलात की पुढच्या बिल्ल्यावर हात ठेवा आणि स्वतःला विचारा, हे नाव नसतं तर या किमतीला ही गाडी घेतली असती का? मग मागच्या सीटवर बसा, आणि जमलं तर आईला किंवा सासऱ्यांना घेऊन जा. जुन्या धाटणीसाठी छत उतरतं केलेलं असलं तर डोकं टेकतं, खिडकी लहान ठेवली असली तर मागे कोंडल्यासारखं होतं. रिव्हर्स घेताना मान वळवून मागचं किती दिसतं तेही बघा. कॅमेऱ्यावर सगळा भरवसा नको. सिएराच्या चाहत्यांनाही हेच सांगेन. १९९१च्या सिएराला तीनच दारं होती आणि मागची काच छतापर्यंत वळलेली होती. नवीला पाच दारं आहेत, म्हणजे पुढची सीट दुमडून मागे शिरायची कसरत संपली. त्या काचेचा मात्र काळ्या पट्टीने आभास केलाय. तुम्हाला दारं हवीत की काच, हे घरूनच ठरवून निघा.

सेल्समनला एक प्रश्न जरूर विचारा: हिचं सख्खं भावंड कोणतं? अशा गाडीचा सांगाडा आणि इंजिन बहुतेक वेळा त्याच घरातल्या दुसऱ्या गाडीचं असतं. २०१८मध्ये परतलेल्या जावाचं इंजिनसुद्धा महिंद्राच्या मोजोवरूनच बेतलेलं होतं. भावंडाची किंमत काढा. फरक पन्नास हजारांचा असेल तर हौसेला मोल नसतं म्हणून सोडून द्या. दोन-तीन लाखांचा असेल तर रात्रभर विचार करा. निघताना स्पेअर पार्टच्या काउंटरवर हेडलाइटचा भाव विचारा. जुन्या वळणाचा दिवा त्या एकाच मॉडेलला बसतो, आणि रिक्षाचा एक धक्का लागला की त्याची खरी किंमत कळते.

आणि जीव खरोखरच जुन्या गाडीत अडकला असेल तर सरळ जुनीच घ्या, किंवा घरात आहे ती जपा. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं बरेच जण ऐकीव माहितीवर सांगतात. ती सक्ती दिल्लीची. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी आरटीओत तपासणी करून, हरित कर भरून, पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. शुल्क वाढलंय हे खरं. २०२५पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार रुपये. पन्नास वर्षं ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते. पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात, वीस हजार शुल्क, मुदत दहा वर्षं. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्यात. मात्र अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. ऑफिसला न्यायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

बाहेरून जुनी गाडी घेताना रंगावर भाळू नका. आरसी हातात घेऊन इंजिन आणि चॅसिस नंबर स्वतः जुळवा, मॅट उचलून खालचा पत्रा बोटाने दाबून बघा. कोकणातून आलेली गाडी असेल तर जरा जास्तच जोराने दाबा. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. आणि वाड्यात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर गॅरेजवाल्याला बोलावण्याआधी वारसांच्या सह्या गोळा करा आणि आरटीओचा ३१ नंबरचा फॉर्म भरा. काका-आत्या एका गावात असतील तेव्हाच हे काम होतं. कार्बोरेटर काय, नंतरही साफ करता येईल.