सायलाच्या पोटाखालचा मित्र

कुणाच्याही परसदारी कढीपत्त्याचा कोवळा शेंडा निरखून पाहा. मेणचट पांढरे धागे दिसले, तर तिथे बहुधा सायला या किडीची पिल्लं आहेत. हीच कीड लिंबूवर्गीय बागांत ग्रीनिंग रोगाचा जिवाणू पसरवते. विदर्भातल्या संत्र्याला तो लागला की पानं चट्ट्यापट्ट्यांनी पिवळी पडतात, फळ लहान आणि वेडंवाकडं राहतं, झाड वाळत जातं. लागण झालेलं झाड बरं होत नाही, म्हणून आवरायची ती वाहक कीड.

ते काम करणारी माशी आपल्याच भूमीची आहे. टॅमारिक्सिया रेडिएटा, जेमतेम एक मिलिमीटरची. 1922 मध्ये पंजाबातल्या नमुन्यांवरून तिची शास्त्रीय नोंद झाली. मादी सायलाच्या पिल्लाच्या पोटाखाली अंडं घालते, अळी त्याला खालून शोषून घेते. पानाला चिकटून उरतं तपकिरी कवच. त्यावर बारीक गोल भोक असेल, तर नवी माशी उडाली म्हणायची. 1970 च्या दशकात तिला भारतातून रियुनियन बेटावर नेलं आणि तिथला सायला आटोक्यात आला. सगळ्याच देशांत इतकं यश मिळालं नाही, हे खरं.

पण आपण तिला संधी तरी कुठे देतो? नवती फुटताच सरसकट फवारणी होते, त्यात ही माशीही मरते. उसाच्या शेतकऱ्याने मित्रकीटकांचं ट्रायकोकार्ड आपलंसं केलं. संत्रा बागायतदारानेही पंप उचलण्याआधी शेंड्यावरची कवचं भिंगाखाली तपासावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.