शिफारस कोणाची घ्यावी?

आमची ताई मूळची डिचोलीची, आता न्यू जर्सीत स्थायिक. तिची मुलगी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज करते आहे. परवा तिचा फोन आला, "मामा, शिफारसपत्र कोणाकडून घेऊ?" ताईचा आग्रह होता, ओळखीतल्या नामांकित सर्जनकडून घे. ते हिला एकदाच भेटलेले, तेही लग्नाच्या पंगतीत!

इथे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळतो 'नीट'च्या गुणांवर. त्यामुळे शिफारस म्हटली की आपल्याला वशिलाच आठवतो. तिकडे ती साक्ष असते. बरीच कॉलेजं विज्ञान शिकवलेल्या प्राध्यापकांची पत्रं मागतात.

मी तिला पेडण्यातल्या मांद्र्याची गोष्ट सांगितली. डॉ. भाऊ दाजी लाड तिथले. लहानपणी त्यांचं बुद्धिबळ पाहून एका इंग्रजाने वडिलांना सुचवलं, याला इंग्रजी शिकवा, असं सांगतात. पुढे १८५१ मध्ये ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. त्या साहेबाने मुलाचा खेळ स्वतः पाहिला होता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

भाचीने मग रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारलं. पहिल्या सत्रात कमी गुण पडल्यावर ही दर आठवड्याला त्यांच्याकडे शंका घेऊन जायची. ताई अजून थोडी नाराज आहे.

मुलांनो, पत्र मागताना थेट विचारा, "माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल ना?" समोरचा घुटमळला, तर आभार मानून दुसऱ्या कोणाला तरी विचारा.