पडद्यावर ट्रक दिसतो, पण घड वाचतो का?



माल ट्रकवर चढला की मोबाईलवर त्याचा माग दिसतो, सारा हिशेब ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे दूरच्या कुठल्या तरी संगणकांवर, सुरक्षित राहतो. आता संकट आले तरी पुरवठा तुटणार नाही, असे आपल्याला सांगितले जाते. आमचा साधा प्रश्न आहे : हा माग दिसतो कोणाला?

मार्च २०२० आठवा. आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासूनच लागू होते. माग होता, नोंद होती. पण टाळेबंदीत मजूर नाही, ढाबे बंद, बाजार बंद. ट्रक कुठे अडकला हे कळून काय उपयोग? कापलेला केळीचा घड कोणाची वाट पाहत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. तिच्या थांब्यांत बऱ्हाणपूर होते, म्हणजे आपले लालबागचे स्टेशन. संकटात आधार दिला तो डब्याने आणि रुळाने, पडद्याने नव्हे.

आणि पडदाच विझला तर? जून २०१७ मध्ये मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीवर विषाणूहल्ला झाला आणि न्हावाशेव्याला तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. पेट्या जागेवरच होत्या, पण कोणती कुठे जायची हे सांगणारे यंत्र मुके झाले. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटने जगभरचे संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्या आम्हाला यात नवल नाही. ‘लिंक नाही’ म्हटले की लक्षाधीश खातेदारही रिकाम्या हाताने परततो.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. पण आपल्या कुंडी भंडाऱ्याकडे पाहा. १६१५ च्या सुमारास, खानखानाच्या काळात बांधलेला हा जलमार्ग जमिनीखालून वाहतो. तरी ठरावीक अंतरावर कुंड्या ठेवल्या, म्हणजे पाणी कुठे अडले ते वरून दिसावे आणि खाली उतरून गाळ काढता यावा. शहाणी व्यवस्था अशी असते. आजच्या या नव्या प्रवाहाला कुंड्या कुठे आहेत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. व्यापाऱ्याला दिसणारा माग, वजन आणि भाव शेतकऱ्यालाही त्याच्या भाषेत मिळावा. प्रत्येक मालाची कागदी बिल्टी त्याच्या हाती असावी. आणि स्टेशनाजवळ केळीसाठी सावलीची, थंडाव्याची पुरेशी जागा व्हावी.

पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहिलेल्या आपण घरांनी गप्प बसायचे का? पुढच्या वेळी आमदार-खासदार दारी आले की हार घालण्याआधी हे तीन प्रश्न विचारा.