खून व्हावा तर रंगमंचावर!

होस्टेलमध्ये रहस्यकथा वाचणारे भरपूर, पण तसं चारचौघांत कबूल करणारे कमी. सबमिशन संपलं की टाईमपास, एवढीच तिची किंमत. माझं म्हणणं असं, की ज्याला हा सगळा थापांचा कारभार वाटतो त्याने निदान नायो मार्श वाचावी.

ही बाई न्यूझीलंडची (१८९५-१९८२). अगाथा ख्रिस्तीच्या पंगतीतली, पण आपल्याकडे तिचं नाव फारसं निघत नाही. तिचा खरा जीव नाटकात. तरुणपणी ती फिरत्या नाटक कंपनीत काम करायची. पुढे १९४३ मध्ये क्राइस्टचर्चला कॉलेजातली पोरं-पोरी घेऊन तिने आधुनिक वेशातला 'हॅम्लेट' बसवला आणि नंतरही वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांची नाटकं करत राहिली. म्हणजे विंगेतली धूळ खाल्लेली लेखिका!

तिची 'एंटर अ मर्डरर' (१९३५) लंडनच्या एका थिएटरात घडते. प्रयोग चालू आहे, डिटेक्टिव्ह अ‍ॅलन प्रेक्षकांत बसलाय. स्टेजवर एक नट स्वतःच्या हाताने रिव्हॉल्व्हर भरतो, दुसरा ते घेऊन त्याच्यावर झाडतो. रोजचाच प्रसंग. फक्त त्या रात्री ड्रॉवरमधल्या खोट्या काडतुसांच्या जागी खरी असतात. भरणारा एक, झाडणारा दुसरा, मग खुनी कोण?

बंगल्यात खून झाला की संशयितांना कोंडून ठेवायला लेखकाला बर्फ पाडावा लागतो. नाट्यगृहात ती खटपटच नको. कुणाची एंट्री कधी, लाइट कधी जाणार, सगळं संहितेत ठरलेलं. संशयितांचं टाईमटेबल पोलिसांच्या हातात आयतंच! आणि तरी पंचाईत अशी, की खोटं खरं करून दाखवणं हाच या मंडळींचा पेशा. समोर रडतेय ती बाई खरंच रडतेय का, हे ओळखायचं कसं?

मेकॅनिकलवाल्यांनी 'व्हिंटेज मर्डर' (१९३७) घ्यावी. न्यूझीलंडच्या दौऱ्यावरची इंग्लिश कंपनी, मुख्य नटीचा वाढदिवस, स्टेजवरच पार्टी. शॅम्पेनची अगडबंब बाटली कप्पीवरून अलगद टेबलावर उतरायची असते, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. त्या वजनाशी कुणीतरी खेळतं आणि बाटली थेट नटीच्या नवऱ्याच्या डोक्यात. अप्लाइड मेकॅनिक्सचं गणित, पण उत्तराला रक्त लागलेलं.

अतिरंजित वाटतं ना? १९९३ मध्ये 'द क्रो'च्या शूटिंगमध्ये ब्रँडन ली गेला. काडतुसाचं टोक आधीच नळीत अडकलं होतं, नंतरच्या शॉटमधल्या आवाजी काडतुसाने ते बाहेर फेकलं. २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर खोट्या काडतुसांमध्ये खरं निघालं आणि कॅमेरा सांभाळणाऱ्या हॅलिना हचिन्सचा जीव गेला. शस्त्रं सांभाळणारीला २०२४ मध्ये शिक्षा झाली. हे खून नव्हते, हलगर्जीपणा होता. पण मार्शच्या कादंबरीतला ड्रॉवर तोच.

म्हणून मला खुनी कोण यापेक्षा प्रॉपर्टीवाला जास्त खेचतो. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, इथे संशयाची सुई त्याच्याकडेही वळते, कारण सगळे जीव त्याने मांडून ठेवलेल्या वस्तूंवर टांगलेले असतात. आपल्या गॅदरिंगला बघा. बोर्डावर हिरो-हिरॉइनचं आणि दिग्दर्शकाचं नाव मोठ्या अक्षरात. सुरा बोथट आहे ना, फ्लॅटला टेकू नीट दिलाय ना, हे बघणारा 'आणि इतर'मध्ये! पुढच्या वर्षी कल्चरल सेक्रेटरी होणाऱ्याने एवढी एक ओळ बदलावी.

मार्श निर्दोष आहे असं मुळीच नाही. खून झाला की अ‍ॅलनसाहेब एकेकाची जबानी घेत सुटतात आणि मधली पानं पार सुस्तावतात. तिथे पुस्तक मिटू नका. आणि शेवटचं प्रकरण आधी वाचून रूममेटला खुन्याचं नाव सांगणाऱ्याची मेस महिनाभर बंद करा.