एकान्तवासाची कलमे रद्द करा

गुन्हेगाराचे लाड कशाला, असा सवाल आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात कोणीही करील. म्हणूनच आम्ही एखाद्या निरपराध देशभक्ताचे उदाहरण मुद्दाम घेत नाही.

बी. ए. उमेश याला बलात्कार व खुनाबद्दल २००६ साली सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. लगेच त्याची रवानगी बेळगावच्या कारागृहात झाली आणि २०१६ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, त्याला एकट्याला कोठडीत ठेवण्यात आले. राष्ट्रपतींनी त्याचा दयेचा अर्ज फेटाळला तो २०१३ साली. वस्तुतः सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच बजावले होते की, अपील व दयेचे मार्ग खुले असेपर्यंत कैद्याला फाशीचा कैदी समजून एकान्तात डांबता येत नाही. अखेर ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने, या एकान्तवासाचा दुष्परिणाम ध्यानी घेऊन, फाशीऐवजी जन्मठेप व किमान तीस वर्षांची कैद ठरविली. पण ती दहा वर्षे कोण भरून देणार?

निकाल होता, तरी हे घडले. १८९४ च्या कारागृह कायद्याचे कलम ३० फाशीच्या कैद्याला इतरांपासून वेगळे ठेवा असेच सांगत होते. न्यायाधीशाने शिक्षा म्हणून द्यावयाचा एकान्तवास तर त्याहून जुना, १८६० चा. एका वेळी चौदा दिवस, एकूण तीन महिन्यांपर्यंत. विधी आयोगाने १९७१ सालीच तो वगळावा असे सुचविले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली; पारतंत्र्यातील कायदा गेला म्हणून गाजावाजा झाला. आणि एकान्तवास? तो कलम ११ व १२ मध्ये सुखरूप आहे!

कोणी म्हणेल, आपल्या मठवासी भगिनीही एकान्तातच राहतात. राहतात, पण स्वेच्छेने, आणि त्यांना प्रार्थनेला सोबत असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली कडेकोट तुरुंगांतील एकान्तवासाला छळाचाच एक प्रकार म्हटले होते. पंधरा दिवसांपेक्षा अधिक सलग एकान्तवास नको, असे संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम २०१५ पासून सांगत आहेत. हिंसक कैद्याला काही काळ वेगळे ठेवावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. त्याला मुदत हवी, डॉक्टरची रोजची भेट हवी, आणि कारण लेखी हवे.

कलम ११ व १२ वगळण्याची मागणी आम्ही जालन्याच्या खासदारांकडे करीत आहोत. प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या खासदारांस तसेच पत्र धाडावे.