ताप नाही, म्हणून निश्चिंत राहू नका

‘बाबा कालपासून असंबद्ध बोलतात, पण ताप नाही, डॉक्टर,’ असे सांगणारी मुले माझ्या पुलगावच्या दवाखान्यात नेहमी येतात. वृद्धांत सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला अनावर प्रतिसाद, तापाविनाही येतो. पांढऱ्या पेशीही कधी प्रमाणातच असतात. सीआरपी अवश्य पाहावे. परंतु ते काहीसे उशिरा चढते आणि संधिवाताच्या सुजेनेही वाढते. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूसंसर्गाकडे अधिक नेमके बोट दाखविते, तरी मूत्रपिंड जुने दुखणाईत असल्यास तेही फसविते. प्रतिजैविक केव्हा थांबवावे, हे ठरविताना त्याचा खरा उपयोग; सुरू करण्यासाठी त्याची वाट पाहू नये. मला धास्ती वाटते ती लॅक्टेटची. ते लिटरमागे २ मिलिमोलच्या वर गेले, की अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडत असल्याची शंका घ्यावी.

हे आकडे हाती येईपर्यंत मात्र आपण घरी बसू नये. श्वास मिनिटाला २२ वा अधिक, वरचा रक्तदाब १०० वा कमी, नवी गुंगी, यांपैकी एकही दिसले तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी गाठावे. क्रिएटिनिनचा जुना कागद तेवढा पिशवीत टाकावा; आजचा आकडा त्याच्याशी ताडूनच कळतो.