शिवारात कोसळलेलं विमान

२५ जुलै २०२२, सोमवार. सकाळी साडेअकराच्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात एक छोटं विमान कोसळलं. बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या प्रशिक्षण संस्थेचं ते सेसना १५२. आत एकटीच होती, २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक. शेजारी प्रशिक्षक नव्हता. विमानाचं खूप नुकसान झालं, पण किरकोळ दुखापतींवर मुलगी बचावली. इंजिनाची ताकद कमी पडल्याचं प्राथमिक माहितीत सांगण्यात आलं.

बातमी वाचून अनेक आईबापांच्या मनात एकच प्रश्न आला असेल: एवढ्या लहान मुलीला एकटीनं उडू देतातच कसं?

उत्तर सोपं आहे. एकटं उडल्याशिवाय वैमानिक होता येत नाही. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावं लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागते. सायकल शिकवताना बाबा मागचा हात कधीतरी सोडतातच ना, तसंच हे. पण हात सोडण्याआधी पडायचं कसं, हेही शिकवलेलं असतं.

इंजिन बंद पडलं तर?

अनेकांना वाटतं, इंजिन थांबलं की विमान दगडासारखं खाली येतं. तसं नसतं. पंखांवरून वारा वाहत असेपर्यंत विमान तरंगत खाली उतरतं. सेसना १५२ साधारण हजार फुटांवरून अडीच किलोमीटरपर्यंत असं जाऊ शकतं, मात्र वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर राखावा लागतो. घाबरून नाक वर ओढलं की वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि विमान खरोखरच कोसळतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक क्रम मनावर ठसवला जातो. आधी विमान सांभाळा. मग कुठे उतरायचं ते ठरवा. रेडिओवर बोलणं त्यानंतर. उड्डाण घेताच इंजिन गेलं आणि उंची पुरेशी नसली, तर धावपट्टीकडे मागे वळायचा मोह टाळायचा आणि समोर मिळेल त्या मोकळ्या जागेत उतरायचं. विमान मोडलं तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे.

प्रत्येक वेळी असं होत नाही

१८ मार्च २०२३ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेलं प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात पडलं. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी तरुणी, दोघांचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. दोन्ही एकाच संस्थेची होती. माणसं वाचली, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. ते योग्यच होतं. विद्यार्थ्याच्या धैर्याला विमानाच्या चोख देखभालीची जोड हवीच.

म्हणून मुलांना अशा संस्थेत घालताना फक्त फी विचारू नका. विमानांची तपासणी कोण करतं, प्रशिक्षक किती आहेत, याआधी अपघात झाले का आणि त्यानंतर काय बदललं, हेही विचारा. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

आपल्या शेतात विमान पडलं तर

- लगेच ११२ वर फोन करा.
- विडी-सिगारेट, काडेपेटी दूर ठेवा. टाकीत पेट्रोल असतं.
- आग किंवा धूर नसेल तर जखमीला ओढून काढू नका. मानेला, पाठीला मार असू शकतो.
- गर्दी हटवा. विमानाचे तुकडे उचलू नका. अपघाताचं कारण त्यांतूनच सापडतं.

आणि घरातल्या एखाद्या मुलीनं “मला विमान चालवायचंय” म्हटलं, तर लगेच नाही म्हणू नका. आधी हे सगळे प्रश्न तिच्यासोबत बसून लिहून काढा.